माइकसमोर तुरीच्या शेंगा

…आणि वरून मलाच म्हणतात, "योगेशभौ, काकाजीले समजावून सांगा, माइक बहिरा नाही!" अहो, मी काय समजावू? मी आजवर कोणाला काही समजावलंय का? गिऱ्हाईक बाईनं नुसतं विचारलं, हे वांगं किडकं तर नाही ना, तर 'नाही' एवढं म्हणायलाही मी खाली पाहतो, आणि तिला वाटतं, किडकंच असेल म्हणून खाली पाहतोय! आणि समजावायचं कोणाला, तर आमच्या बाबांना! ज्या माणसानं सगळा जन्म खाली गल्लीत उभं राहून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला मेथी ऐकवली, आणि तीही कशा बाईला, जिच्या कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, टीव्ही चालू आहे, कडेवरचं लेकरू रडतंय, अशा बाईला! त्या माणसाला तुम्ही एका खोलीत उभं करता, भिंतींना चहूकडून गादीसारखा स्पंज, तोंडासमोर हे एवढंसं नळकांडं, आणि म्हणता, हळू बोला, हा बहिरा नाही. बाबांनी त्या नळकांड्याकडे पाहिलं, स्पंजाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग भाजी कोनाले ऐकवू?"

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही भजनांचा अल्बम काढायला गेलो होतो.

आम्ही अकोल्याचे. भाजीची हातगाडी आहे आमची. बाबा, म्हणजे भगवंतभौ, पुढे ओरडत चालणार आणि मी मागून ढकलणार. शाळा मी आठवीतच सोडली. सोडली म्हणजे काय, पहाटे मार्केटला जायला बाबांना जोडीला माणूस पाहिजे होता, आणि शाळेत माझी तशी कोणाला गरज नव्हती. हजेरी घेताना मी 'हजर' इतकं हळू म्हणायचो की सर मला गैरहजरच मांडायचे. मग गेलो काय नि नाही गेलो काय! गाडीवर मात्र माझं बरं जमलं. आवाज बाबांचा, ढकलणं माझं. तुम्हाला सांगतो, काय आवाज होता! "आली वो मायऽऽ भाजीऽऽ!" एवढं म्हटलं की गल्लीतल्या बाया चपला शोधायला लागायच्या. एक हात गाडीच्या दांडीवर, एक पंजा कानावर, मान आधी डाव्या घरांकडे, मग उजव्या घरांकडे, आणि चालता चालता एका दमात अख्खी गाडी वाचून दाखवायचे. आणि त्यांचा एक नेम होता. जे गाडीवर आहे तेवढंच ओरडायचं. पालक संपला की त्याच क्षणी ओरडण्यातून पालक जायचा. लोकांनी हसावं, "भगवंतभौ, पोकळा नाही तरी पोकळा म्हना, बाई खाली तं येईन, मंग दुसरं काही घेईन!" बाबा म्हणायचे, "जे गाडीवर नाही ते मी तोंडातून काढत नाही."

तर त्या आवाजाला खरखर आली. आम्हाला वाटलं सर्दी. मग वाटलं धूळ. मग वाटलं, थंडी सरली की जाईल. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "बिडी ओढता का?" बाबा म्हणाले, "कधीमधी." आई शेजारीच बसलेली. आई म्हणाली, "कधीमधी म्हंजे झोपीत नाही ओढत." डॉक्टर हसले नाहीत हो. म्हणाले, घशात गाठ आहे, वाईट आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, पण नंतर बोलता येणार नाही. आई म्हणाली, "म्हंजे हळू बोलता येईन न?" डॉक्टर म्हणाले, "नाही बाई."

बाबा डॉक्टरांकडे वळले. जगण्यामरण्याचं काही विचारतील असं वाटलं. तर विचारलं काय? "मंग गाडीवर ओरडन कोन?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं! आईनं पाहिलं, बाबांनी पाहिलं, डॉक्टरांनीसुद्धा पाहिलं! अहो, त्या डॉक्टरांनी मला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना काय माहीत मी ओरडू शकतो की नाही! मी खाली पाहिलं. डॉक्टरांना लगेच कळलं.

तुम्हाला सांगतो, उपाय आईनं काढला. आजकाल तुम्ही पाहताच, प्रत्येक गाडीवर बॅटरीचा भोंगा असतो. भंगारवाल्याचा भोंगा, कांदेवाल्याचा भोंगा, माणूस बिचारा तंबाखू मळत बसलेला आणि भोंगा एकटाच बोंबलतोय. आई म्हणाली, "त्याइचाच आवाज भरून घ्या न त्या भोंग्यात. ऑपरेशनच्या आधी. मंग गाडीवर त्याइचाच आवाज राहीन." एवढं बोलली आणि शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. गॅस बंद होता.

मोबाईलवर भरून पाहिलं आम्ही, नाही असं नाही. गल्लीत उभं राहून भरलं. ऐकलं तर त्यात एक ऑटो, दोन कुत्रे, वारा आणि शेजारच्या घरातलं नवराबायकोचं भांडण, ते मात्र अगदी स्वच्छ आलेलं. बाबा कुठेतरी मागे, विहिरीतून ओरडल्यासारखे. मग माझी चुलतबहीण वर्षाली, अमरावतीला दिलेली आहे, तिनं फोन केला. तिचा नवरा सागर, त्याचा घरातच स्टुडिओ आहे. भजनी मंडळं येतात, लग्नाची गाणी होतात, निवडणूक आली की उमेदवारांची गाणी होतात. सागरभाऊजी स्वतः म्हणाले, "काकाजीचा आवाज एकदाच भराचा आहे, मोबाईलवर कायले? या इकडे."

गेलो. आता पाहा अडचण कुठे सुरू होते. सागरभाऊजी म्हणजे जवाई! घरचा जवाई! बाबांनी त्यांना कधी वर मान करून 'पाणी घ्या' म्हटलं नाही, 'पानी घेता का जवाईबुवा' असंच म्हटलं. आणि इथे जवाई हुकूम देणार नि बाबा पाळणार. दोघांनाही लाज! भाऊजींनी बाबांना 'उभे राहा' म्हणावं कसं आणि जवाई उभा असताना बाबांनी बसावं कसं? पाच मिनिटं तर दोघं एकमेकांना 'तुमी आधी, तुमी आधी' म्हणत त्या स्पंजाच्या खोलीच्या दारात अडकले होते.

आणि चहा! वर्षालीनं अद्रकाचा चहा ठेवला, तर भाऊजी आतून ओरडले, "चहा नको देऊ! दूध घशाले चिकटते!" स्वतःच्या घरी आलेल्या सासऱ्याला चहा नाही म्हणणारा महाराष्ट्रातला पहिला जवाई! बाबांना कोमट पाणी दिलं. बाबा ते पाणी प्याले आणि मला हळूच म्हणाले, "काही चुकलं काय रे आपलं?"

मग टोपी. कानावर ते मोठे हेडफोन घालायचे, तर टोपी काढावी लागते. बाबा जवाईपुढे उघड्या डोक्यानं उभे राहतील? टोपीवरूनच हेडफोन चढवले. भाऊजी म्हणाले, "काकाजी, फटीतून आवाज बाहेर येते, माइकले ऐकू जाते." बाबा म्हणाले, "येवढंसं?" भाऊजी म्हणाले, "येवढंसंही. माइक बहिरा नाही." शेवटी हेडफोनच काढून टाकले, टोपी राहिली.

मग भाऊजींनी शिकवायला सुरुवात केली. आणि खरं सांगतो, माणूस चांगला शिकवतो, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तोंड आणि माइक यांच्यात एक वीत जागा ठेवायची. जवळ गेलं की आवाज घागरीतून आल्यासारखा घुमतो, दूर गेलं की खोलीच ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. दांडीला हात लावायचा नाही. मान फिरवायची नाही. श्वास घेताना तोंड किंचित बाजूला. खिशात किल्ल्या नकोत. मला सगळं पटकन समजलं, कारण मी काही बोलणार नव्हतो. मी कोपऱ्यात उभा होतो तर मलाही म्हणाले, "योगेशभौ, जरा श्वास हळू घ्या." घ्या! मी आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी ऐकू आलो, तर तिथेही गप्प बसवलं!

पहिला प्रयत्न. बाबांनी पंजा कानावर ठेवला आणि दिली आरोळी, "आली वो मायऽऽ!" काचेपलीकडे भाऊजींच्या कॉम्प्युटरवर सगळं लाल लाल झालं. भाऊजींनी कानातले हेडफोन काढून फेकले. "काकाजी! माइक बहिरा नाही! तो तुमच्यासमोर एक वीतभर उभा आहे!"

दुसरा प्रयत्न. बाबा ओशाळले होते, म्हणून जवाईशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आली वो माय भाजी." जशी काही भाजी आली नाही, भाजी वारली! भाऊजी म्हणाले, "थोडं मोठ्यानं." पुन्हा लाल. "थोडं हळू." पुन्हा वारली. आता यात बाबांचा काय दोष? त्यांच्याकडे आवाज दोनच, एक गल्लीचा नि एक घरातला. मधला आवाज कुठून आणायचा? मधला आवाज फक्त शिकलेल्या लोकांकडे असतो, ते बँकेत वापरतात.

भाऊजी म्हणाले, "काकाजी, असं समजा, माइकच्या मांगं एक बाई उभी आहे. तिच्या कानात तुमाले बोलायचं आहे." बाबा दचकले. "कोन बाई?" "कोनतीही." "परक्या बाईच्या कानात मी काहून बोलू?" काचेपलीकडून वर्षाली खुदकन हसली आणि बाबांनी लाजून टोपी सारखी केली. तुम्हाला सांगतो, ते शेवटचं हसणं त्या खोलीतलं.

कारण मग मान आली. डाव्या घरांकडे मान गेली की 'मेथी' निघून जायची भिंतीत, उजव्या घरांकडे गेली की 'वांगे' दारात. माइकला मधलं तेवढं 'आणि' ऐकू यायचं. अख्ख्या गाडीतलं गिऱ्हाइकाला काय मिळालं? 'आणि!' भाऊजी म्हणाले, "मान स्थिर ठेवा." बाबांनी मान स्थिर ठेवली तर हात स्थिर राहीना, दांडी शोधायला लागला, आणि सापडली ती माइकची दांडी. धाडकन आवाज. मग भाऊजींनी एक खुर्ची, पाठ बाबांकडे करून, त्यांच्यापुढे ठेवली, "ही धरा, ही गाडी समजा."

ते एक बरं झालं. पण मग अक्षरं! प, फ, ब, भ ही अक्षरं म्हणताना तोंडातून वारा सुटतो म्हणे, आणि तो माइकवर आदळला की भोंग्यातून बंदूक सुटल्यासारखं ऐकू येतं. आता मला सांगा, भाजीवाल्यानं करायचं काय? पालक, पोकळा, फुलकोबी, बटाटा, भेंडी, भोपळा! भाजी म्हटलं की पहिलंच अक्षर भ! भाऊजींनी माइकपुढे कापडाची गोल जाळी लावली आणि सांगितलं, सरळ बोलू नका, जरा तिरपे उभे राहा, वारा बाजूनं निघून जाईल. बाबांनी विचारलं, "हे जाळी काहून?" भाऊजी सहज बोलून गेले, "वाऱ्यासाठी, अन् थुंकीसाठी." झालं! गाठ झाल्यापासून बाबांना तोंडातली थुंकी आवरत नव्हती, त्याची त्यांना किती लाज होती ते आम्हालाच माहीत. त्यानंतर दर शब्दाला बाबा दुपट्ट्यानं तोंड पुसायचे. मेथी, पुसलं. पालक, पुसलं. भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते नुसतं म्हणाले, "काकाजी, प सोडा. गवार म्हना. गवारीचा काही त्रास नाही."

आणि बाबा थांबले. म्हणाले, "गवार कुठं आहे?"

"कुठं म्हंजे? नुसतं नाव घ्या."

"गवार नाही तं नाव कसं घेऊ? मघापासून मी हेच पाहून राहिलो जवाईबुवा, गाडीच नाही इथं. मी ओरडून काय राहिलो? मेथी म्हनतो, कुठं आहे मेथी? म्हनून तं घशातून निंघत नाही."

भाऊजी माझ्याकडे पाहतात, मी खाली पाहतो. मग बाबाच म्हणाले, "योग्या, ते पिशवी आन."

पिशवी म्हणजे वर्षालीसाठी आणलेली. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जातं का कोणी? आईनं सकाळी उठून भरून दिली होती. ती मी आणली, आणि बाबांनी त्या खुर्चीच्या पाटावर एकेक भाजी मांडायला घेतली. मेथीची जुडी, पालक, फुलकोबीचा गड्डा, भरताचे वांगे, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पाणी नव्हतं तरी सांबाराच्या जुडीवर सवयीनं बोटं झटकली. आणि तळाशी तुरीच्या शेंगा! माझा मामा सूर्यभान, हिवरखेडला शेती आहे त्याची, त्याच्या वावरातल्या. आईनं जवाईसाठी म्हणून वेगळ्या बांधून दिल्या होत्या. हिरव्यागार, दाणा भरलेल्या. बाबांनी ओंजळीत घेऊन पाहिल्या आणि वांग्यांच्या शेजारी ठेवल्या. मधोमध.

भाऊजी काचेपलीकडे गेले आणि एकच वाक्य म्हणाले, बघा माणूस कसा शिकवतो! "काकाजी, मोठा आवाज काढासा वाटला की गाडी जराशी मांगं घ्या. हळू बोलताना गाडी पुढं आना. बस, दुसरं काही लक्षात ठेवू नका."

हे बाबांना कळलं. वीत, जाळी, तिरपं, सगळं गेलं, गाडी मागे घेणं राहिलं. पंजा कानावर गेला. "आली वो मायऽऽ," खुर्ची मागे, "भाजीऽऽ," खुर्ची पुढे, मेथी-पालक-फुलकोबी करत एका दमात, "भरताचे वांगे तुरीच्या शेंगाऽऽ," आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे तो आवाज असा वर गेला आणि तिथेच जरासा फाटला, आणि बाबा मागे झाले, आणि मध्ये एवढासा श्वास, आणि मग खाली उतरत, "सांबाऽऽर घ्या वो माय." संपलं. लाल काही झालं नाही. बंदूक सुटली नाही. मी श्वास घेतलाच नव्हता, न जाणो माझाच ऐकू गेला असता! वर्षाली डोळे पुसत होती. भाऊजींनी काचेपलीकडून अंगठा दाखवला.

मग म्हणाले, "काकाजी, एकदा अजून. आता एकेक नाव तोडून तोडून. म्हंजे मी वेगवेगळं करून देतो, ज्या दिवशी जे असन ते लावा."

बाबांनी मान हलवली. तोंड उघडलं. आणि वारा निघाला. नुसता वारा. पुन्हा पंजा कानावर ठेवला, पुन्हा तोंड उघडलं. भाऊजींनी काचेपलीकडून कळ फिरवली, त्यांना वाटलं माइक बंद पडला. माइक बंद नव्हता हो. माइक बहिराही नव्हता. ऐकायलाच काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ऑपरेशन झालं. झालं म्हणजे चांगलं झालं, डॉक्टरांनी शब्द पाळला. बाबा जिवंत आहेत, खातातपितात. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल बांधतात, आणि बोलत नाहीत.

बरे होऊन गाडीवर आले तोवर उन्हाळा लागला होता. मी भोंगा बांधला, बटन दाबलं. "आली वो मायऽऽ!" अहो, गल्ली थरारली! आणि गंमत पाहा, भोंगा ओरडला की बाबांचा पंजा आपोआप कानावर! रुमाल बांधलेला माणूस गाडी धरून चाललाय, तोंड बंद, पंजा कानावर, आणि स्वतःचाच आवाज ऐकत हसतोय. हसल्याचा आवाज येत नाही आता, खांदे तेवढे हलतात. दुसऱ्या मजल्यावरून माणिकबाई धावत खाली आल्या, टोपली घेऊन. "काय वो भगवंतभौ, दवाखान्यातून आले तं आवाज अजून खुलला तुमचा! द्या, तुरीच्या शेंगा द्या पावभर."

मी गाडीकडे पाहिलं. बाबांनी गाडीकडे पाहिलं. माणिकबाईंनी मेथी उचलली, पालक उचलला, खालचं पोतं उचलून पाहिलं. "कुठं आहे?"

"नाही काकू," मी म्हणालो.

"आं? जोरात बोल."

"नाही शेंगा. सीझन गेला."

"मंग ओरडून काहून राहिले?"

काही वाईट मनानं नाही विचारलं हो त्यांनी. पण बाबांचा चेहरा… तो मी नाही सांगत. त्यांनी हात लांब करून भोंग्याचं बटन बंद केलं, माणिकबाईंना हात जोडले, आणि गाडी ढकलायला मागे माझ्या जागेवर येऊन उभे राहिले. मला पुढे ढकललं. पुढे! मी पुढे जाऊन काय करू? मी म्हणालो, "भाजी." वरून एक बाई म्हणाली, "पाह्य वो, खाली कोनी पत्ता विचारून राहिलं."

भाऊजींना फोन केला. म्हटलं, तेवढ्या शेंगा कापता येतील का? त्यांनी कापून पाठवलं. मेथी, पालक, फुलकोबी, वांगे, मग एकदम सांबार. घरी लावून पाहिलं, तर आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं त्याइले? ठसका लागला काय?" मी म्हटलं, नाही आई, तिथल्या शेंगा काढल्या. आई म्हणाली, "अन् श्वास? तिथं त्याइनं श्वास घेतला होता, तो कुठं गेला?" श्वास शेंगांनाच चिकटलेला होता, तोही गेला होता. आई म्हणाली, "जसं होतं तसं ठेव." बाबांनीही मान हलवली, जसं होतं तसं.

म्हणून जसं होतं तसं आहे, आणि बंद आहे. बाबा भोंगा गाडीवर लावू देत नाहीत. दुपारी घरी मात्र स्वतःच लावतात, अगदी हळू, कान टेकवून. मी आईला विचारलं, हे घरी चालतं, गाडीवर चालत नाही, असं कसं? आई म्हणाली, "घरी कोनी गिऱ्हाईक आहे काय? मंग खोटं कसं होईन?" आणि आता जेवायला बसले की बाबा दोन घास खाऊन ताट पुढे सरकवतात. डॉक्टर म्हणतात, तब्येत छान आहे. तब्येत छानच आहे हो, माइकलाही काही झालं नाही, भोंग्यालाही काही झालं नाही, सगळं छान आहे!

मग मी विचार केला, बाकी मेथी-पालक-फुलकोबी-वांगे-सांबार, महाग का होईना, बाराही महिने मिळतं. अडलंय कशावर? ओंजळभर तुरीच्या शेंगांवर! गाडीच्या कोपऱ्यात ओंजळभर ठेवल्या की भोंगा खरा, बाबांचा शब्द खरा. आईनं घरातल्या वाळलेल्या शेंगा काढल्या, ओल्या फडक्यात ठेवल्या, जरा फुगल्या. बाबांना दाखवल्या. बाबांनी एक शेंग उचलली, कानाशी नेऊन वाजवली आणि परत ठेवली. वाजते ती शेंग भाजीची नाही, डाळीची.

म्हणून परवा मार्केटला गेलो. अकोल्याचा मे महिना, सकाळीच डांबर चपलेला चिकटतंय. गेलो अडत्याकडे आणि म्हणालो, "तुरीच्या शेंगा आहेत का?"

"काय?"

"तुरीच्या शेंगा."

"अबे तोंड उघड न! काय पाह्यजे?"

बाजूला ट्रकचा हॉर्न, हमालांची आरडाओरड, लिलाव चालू. आणि मला काय झालं मला माहीत नाही, पंजा कानावर गेला आणि मी ओरडलो, "तुरीच्या शेंगाऽऽ!"

बाबांसारखा वगैरे नाही हो आला आवाज, फाटकाच आला. पण मार्केट गप्प झालं. लिलाव थांबला. हमाल डोक्यावरची पोती तशीच धरून माझ्याकडे पाहायला लागले. अडत्या गादीवरून उठला, जवळ आला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि किती मायेनं म्हणाला, "मार्गशीर्षात येजो बापा, लागन तेवढ्या नेजो. आता सावलीत बस, पानी पे. ऊन लागलं तुले."

पाणी प्यालो. दुसरं काय करणार? लोकांचे बाबा बाराही महिने बोलतात, पोरं कंटाळतात इतकं बोलतात. आमचे आता मार्गशीर्षात बोलतील.

तोवर गाडीवर ढेमसे आहेत.